हुकलेल्यांचा आकडा

केममध्ये कुंकवाला तोटा नाही. करमाळा तालुक्यातल्या या गावचं कुंकू दूरदूरच्या बाजारांत जातं. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन आणि उत्तरेश्वराचं देऊळ यांच्या जोडीला गावाची ही तिसरी ओळख. त्यातलं चिमूटभर घ्या. कागदाच्या दहा सारख्या चिठ्ठ्या करा, एकीला आतून कुंकवाचं बोट लावा, घड्या घालून सगळ्या पिशवीत टाका. न बघता एक काढा. लाल निघाली तर नंबर लागला. कोरी निघाली तर परत आत टाका, पिशवी हलवा, पुन्हा काढा. असं दहा वेळा.

दहांत एक चिठ्ठी लाल, आणि संधीही दहा. म्हणजे एकदा तरी लाल येणारच, नाही का? पण गावातल्या शंभर जणांना हा खेळ खेळायला बसवलं, तर साधारण पस्तीस जण दहाव्या खेपेनंतरही रिकाम्या हातानं उठतील. कुणी लबाडी केलेली नसेल, पिशवीतली लाल चिठ्ठी कुणी लपवलेली नसेल. पस्तीस जण सरळसरळ हुकतील.

आता पिशवीच्या जागी संगणक ठेवा. २०२० पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ठिबक, कांदाचाळ अशा गोष्टींचं अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. ‘अर्ज एक, योजना अनेक’ ही त्याची जाहिरात. सेवा केंद्रात आधार, सातबारा आणि आठ-अ घेऊन बसायचं, २३ रुपये ६० पैसे भरायचे आणि सोडतीची वाट बघायची, अशी २०२५ पर्यंतची रीत होती. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी यांना ट्रॅक्टरवर सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळायचं, बाकीच्यांना लाखापर्यंत. मागणी अफाट आणि पैसा मोजका, म्हणून सोडत. ती झाली की ज्याचा नंबर लागला त्याला मोबाईलवर मेसेज यायचा. मग कोटेशन, टेस्ट रिपोर्ट, पूर्वसंमती अशी धावपळ सुरू. ज्याचा लागला नाही त्याला काहीच यायचं नाही, आणि खरा जाच हाच होता. “औंदा तरी लागंल का?” या प्रश्नाला केंद्रातल्या पोराकडे एकच उत्तर असायचं: “लागला की मेसेज येतोय.”

असे वर्षानुवर्षं हुकलेले लोक गावोगाव भेटतात आणि आपलं नशीबच फुटकं, असं मनाशी धरून बसतात. त्यांच्यासाठी गणितात एक थक्क करणारी गोष्ट आहे.

चिठ्ठ्या दहाऐवजी शंभर करा, लाल एकच ठेवा आणि शंभर वेळा काढा. रिकामे राहणारे शेकडा ३६ किंवा ३७. हजार चिठ्ठ्या, हजार वेळा: पुन्हा ३७ च्या आतबाहेर. लाख करा, कोटी करा, आकडा जागचा हलत नाही. शेकडा ३६.७९ वर तो जणू खिळा ठोकून बसवला आहे. सोडत ट्रॅक्टरची असो, म्हाडाच्या घराची असो की आरटीईच्या शाळाप्रवेशाची. ‘इतक्यांत एक’ अशी शक्यता असेल आणि तितक्याच वेळा प्रयत्न केले, तर शंभरातले जवळजवळ ३७ जण हुकतातच.

हा खिळा ठोकला कुणी? त्याचं मूळ चक्क व्याजात आहे. १६८३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात याकोब बर्नुली या गणितज्ञानं एक सावकारी प्रश्न हाती घेतला. एक रुपया वर्षाला शंभर टक्के व्याजानं दिला तर वर्षअखेर दोन रुपये होतात. पण तेच व्याज दहा हप्त्यांत चक्रवाढीनं लावलं तर? २ रुपये ५९ पैसे. रोज लावलं तर? २ रुपये ७१ पैसे. क्षणाक्षणाला लावलं तरी रक्कम २.७१८ च्या आसपास येऊन अडते, पुढे सरकत नाही. या संख्येला पुढे ऑयलरनं ‘ई’ हे अक्षर दिलं. आता एकाला २.७१८ नं भागून बघा. ०.३६७९. आपले हुकलेले सदतीस!

सावकार वाढलेल्या मुद्दलावर पुन्हा दहावा हिस्सा चढवतो. सोडत उरलेल्या माणसांतून पुन्हा दहावा हिस्सा उचलते. एक क्रिया वर चढणारी, दुसरी खाली उतरणारी, आणि दोन्हींच्या तळाशी संख्या एकच. कर्जाचा बोजा आणि अनुदानाची हुलकावणी या दोन्ही गोष्टी एकाच शेतकऱ्याच्या वाट्याला याव्यात आणि दोन्हींमागे एकच आकडा निघावा, याला योगायोग म्हणायलाही जीभ रेटत नाही.

पण खरा धक्का पुढे आहे. दहांत एक शक्यता असली तर नंबर लागायला सरासरी दहा सोडती लागतात. निम्म्या लोकांचा सातव्या सोडतीपर्यंत लागून जातो. जो दहाही सोडतींत हुकला, त्यानं आता आणखी किती सोडतींची तयारी ठेवावी? सरासरी दहाच. वीस वेळा हुकलेल्यानं? तरीही दहाच. आज सकाळी पहिला अर्ज भरणारा पोरगा आणि वीसदा हुकलेला त्याचा चुलता, पिशवीपुढे दोघं सारखेच नवखे. “एवढ्यांदा हुकलं, आता माझी पाळी” हे चुलत्याचं म्हणणं माणूस म्हणून शंभर टक्के रास्त आहे, फक्त पिशवीला ते ऐकू जात नाही. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या जुगारघरात चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. आता लाल आलाच पाहिजे, असं म्हणत लोकांनी लालवर पैसा ओतला आणि तो बुडाला. चक्राला मागचा रंग आठवत नव्हता.

आता पारावरच्या त्या जुन्या संशयाकडे येऊ: “त्यांच्याच घरात कसं दरवेळी लागतंय?” समजा पंचक्रोशीतले पाचशे अर्जदार आहेत, दरवर्षी वेगळ्या अवजाराची सोडत होते आणि दरवेळी पन्नास जणांचा नंबर लागतो. सोडत अगदी चोख आहे असं धरू. पाच वर्षांनी हिशेब मांडला तर सुमारे २९५ जणांना काहीच मिळालेलं नसेल, १६४ जणांना एकदा मिळालेलं असेल आणि ४१ जणांना दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा. एकीकडे २९५ रिकामे, दुसरीकडे दोन-दोन अवजारं मिळालेले ४१. असा गाव बघून कुणालाही वाटेल की आत काहीतरी शिजतंय. गडबडी होतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण नुसत्या या विषमतेवरून चोरी सिद्ध होत नाही, कारण निखळ दैवयोगही अशीच वाटणी करतो. सगळ्यांना सारखं वाटलेलं दिसलं असतं, तर मात्र मला शंका आली असती.

प्रत्यक्षातली सोडत पिशवीइतकी साधी नसते, हेही खरं. प्रवर्ग वेगळे असतात, त्यांचा निधी वेगळा असतो, म्हणून एकाच बांधाला लागून जमीन असलेल्या दोघांची शक्यता सारखी नसते. महाडीबीटीवर न लागलेला अर्ज पुढच्या सोडतीसाठी यादीत राहायचा; तेवढी सोय होती. पण जुना म्हणून त्याचं वजन वाढत नसे. उलट ज्याला एखादं अवजार मिळालं त्याला पुढची दहा वर्षं त्याच अवजारासाठी अर्ज करता येत नाही, असा नियम. म्हणजे यंत्रणेला मिळालेल्याची आठवण होती, हुकलेल्याची नव्हती.

अशी अर्धी आठवण फार जुनी आहे. तामिळनाडूत उत्तरमेरूर इथं चोळ राजा परांतकाच्या काळातले, सन ९२० च्या आसपासचे शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्यांवर माणसं कशी निवडायची ते त्यात कोरलेलं आहे. ताडपत्रावर नावं लिहून घटात टाकायची आणि आत काय आहे ते न कळणाऱ्या लहान मुलानं त्यातून काढायची. गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेल्याचं नाव घटात जात नसे. अकराशे वर्षं उलटली, तरी तहसीलला सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा बरणीत हात घालायला पुढे करतात ते शाळकरी पोरच. तिथंही चक्रानुक्रमाच्या नियमानं मागच्या खेपांचं आरक्षण बघितलं जातं.

हुकलेल्याची आठवण ठेवली तर काय होतं? हे ज्यांनी करून पाहिलं ते शेतकरी नव्हेत, शिकारी आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळवीट ज्वारीत घुसलं तरी हुसकावण्यापलीकडे काही करता येत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत मात्र एल्क, रानमेंढा, मूस अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीचे परवाने मोजून दिले जातात. परवाना म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायचा ‘टॅग’. इच्छुक फार आणि टॅग थोडे, म्हणून सोडत. तिथले लोकही पंधरा-पंधरा वर्षं हुकतात आणि आपल्यासारखेच चरफडतात. त्यांची समजूत काढायला राज्यांनी गुण सुरू केले: हुकलात की एक गुण जमा.

नेवाडानं तर गुणांचा वर्ग करायचं ठरवलं. दहा वर्षं हुकलेल्याच्या नावावर शंभर आणि वर एक, अशा १०१ चिठ्ठ्या. ऐकायला झकास! पण शेजारीही दहा वर्षं हुकलेला असेल तर त्याच्याही १०१, आणि पिशवीत लाल चिठ्ठ्या मात्र तेवढ्याच. कोलोरॅडोनं थेट ज्येष्ठता धरली: ज्याचे गुण जास्त त्याला टॅग आधी. दरवर्षी जितके टॅग सुटतात त्याहून जास्त नवे लोक मागे येऊन उभे राहतात, त्यामुळे लागणाऱ्या गुणांची पायरी सरकत जाते. तिथल्या काही नावाजलेल्या एल्क विभागांसाठी आता वीसहून जास्त गुण लागतात. माणूस एक पायरी चढतो तोवर जिनाच वर गेलेला असतो. बारा वर्षांचं पोर आज गुण जमवायला लागलं तर त्याचा नंबर लागेपर्यंत त्याला स्वतःची पोरं झालेली असतील. नेवाडाच्या शेजारच्या आयडाहोनं हा खेळच नको म्हटलं. तिथं गुण नाहीत. दरवर्षी कोरी सुरुवात.

महाराष्ट्रानं २०२५ मध्ये महाडीबीटीची सोडत बंद करून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ स्वीकारलं. म्हणजे दैवाकडून रांगेकडे. रांगेत एक मोठं सुख आहे: आपला क्रमांक कळतो, तो पुढे सरकताना दिसतो, आणि चुलत्यानं इतकी वर्षं पाहिलेली वाट कुणीतरी हिशेबात धरतं. मला स्वतःला हा बदल माणसाच्या स्वभावाला धरून वाटतो. पण रांगेलाही तिचं गणित आहे. वर्षाला पन्नास जणांना मिळणार आणि मागे दीडशे नवे येणार असतील, तर दरवर्षी शंभरांनी रांग वाढते. आज शेवटी उभ्या राहिलेल्याला दहा वर्षं लागत असतील, तर पुढच्या वर्षी येणाऱ्याला बारा लागतील, त्याच्या पुढच्याला चौदा. शिवाय पहिल्याच दिवशी ज्याच्या मोबाईलला रेंज होती तो पुढे, आणि सुगीत गुंतला होता तो मागे.

दोन्हींची सांगडही घालता येते. ॲरिझोनात टॅगचा पाचवा हिस्सा सर्वांत जास्त गुणवाल्यांत वाटला जातो, उरलेले सोडतीत जातात. वायोमिंगमध्ये परराज्यांतल्या शिकाऱ्यांसाठी पाऊण वाटा ज्येष्ठांना, पाव वाटा सर्वांना. आपल्या पंचक्रोशीचाच हिशेब घ्या. पाचशे अर्जदार, पन्नास अवजारं. त्यांतली दहा अवजारं सर्वांत जुन्या दहा अर्जांना द्या आणि चाळिसांची सोडत काढा. बाकीच्या ४९० जणांची शक्यता दहा टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या आसपास येईल. चुलत्याच्या पुढे मग मोजता येईल एवढीच माणसं राहतील, आणि पुतण्याला पहिल्याच वर्षी लागण्याची वाटही उघडी राहील. पुतण्या हे दोन टक्के सोडायला तयार होईल का, हे मात्र त्यालाच विचारावं लागेल, आणि तेही त्याचा स्वतःचा पहिला अर्ज हुकण्याआधी.