नोव्हेंबरची सही

दिवाळी सरते, शिवारात कापसाची वेचणी सुरू असते आणि जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, मंठा, भोकरदनच्या बँकांमध्ये सकाळपासून पांढऱ्या केसांची गर्दी होऊ लागते. कोषागाराकडून आलेल्या यादीत प्रत्येकजण आपलं नाव शोधतो आणि त्यापुढे सही करतो किंवा अंगठा उमटवतो. हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. सही राहिली तर पुढे निवृत्तिवेतन थांबतं.

अलीकडे या रांगेतली काही ओळखीची माणसं दिसेनाशी झाली आहेत. ती आहेत हयात, पण न्यू जर्सीत, टोरांटोत, मेलबर्नमध्ये. मुलगा किंवा मुलगी तिथे स्थिरावली, नातवंडं झाली, इथलं घर सांभाळणं जमेना, म्हणून निवृत्त गुरुजी, तलाठी, परिचारिका सामान आवरून निघाले. पेन्शन मात्र जालन्यातल्या खात्यातच जमा होत राहते. परक्या देशात, मुलाच्या घरात राहताना तेवढाच पैसा पूर्णपणे स्वतःचा असतो. नातवाच्या हातावर वाढदिवसाला काही ठेवायचं तर त्यासाठी मुलाकडे मागावं लागू नये, ही भावना या वयात फार मोठी असते. म्हणूनच हा पैसा एका कागदापायी अडकू देता कामा नये.

राहण्याचं ठिकाण बदललं की पेन्शनचं काय होतं, हा प्रश्न मराठी माणसाला जुना आहे. पेशवे दुसरे बाजीराव १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमला शरण गेले आणि कानपूरजवळच्या बिठूरला जाऊन राहिले. कंपनीने त्यांना वर्षाला आठ लाख रुपये ठरवून दिले. १८५१ मध्ये ते वारले आणि दत्तकपुत्र नानासाहेबांना ती रक्कम द्यायला कंपनीने नकार दिला. नानासाहेबांची बाजू मांडायला अझीमुल्ला खान लंडनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परतले. ते पेन्शन देणाऱ्याच्या मर्जीवर होतं. स्वतंत्र भारतात ही मर्जी संपली. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन हा हक्क असल्याचं सांगितलं. १७ डिसेंबर १९८२ च्या ‘नकारा’ खटल्यातल्या निकालाने ते आणखी पक्कं केलं. तोच दिवस आज पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

हक्क पक्का असला तरी माणूस जिवंत असल्याचा पुरावा दरवर्षी द्यावाच लागतो. परदेशात असलेल्यांसाठी तिथल्या भारतीय दूतावासातल्या किंवा वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला चालतो. केंद्र सरकारच्या नियमांत नोटरी, दंडाधिकारी किंवा बँक अधिकारी यांच्या सहीचीही सोय आहे. दुसरी वाट डिजिटल. ‘जीवन प्रमाण’ ही सेवा १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली. आधी बोटांच्या ठशांसाठी यंत्र लागायचं, २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला काढता येतो. आयुष्यभर खडू धरलेल्या किंवा शेतात राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. मात्र आधार, मोबाइल क्रमांक आणि पेन्शनचं खातं एकमेकांशी जोडलेलं हवं. निघण्यापूर्वी इथेच एकदा दाखला काढून पाहिला, तर काय अडतं ते कळतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. नाव ही नेहमीची अडचण. पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत एक नाव, आधारवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरंच. सासर-माहेरच्या नावांमुळे महिलांना हा त्रास जास्त होतो.

जालना हे केवळ सरकारी पेन्शनरांचं गाव नाही. लोखंडी सळ्यांचे कारखाने आणि १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केलेली महिको कंपनी यांमुळे या गावाला पोलाद आणि बियाण्यांची ओळख मिळाली. अशा खासगी उद्योगांतल्या कामगारांचं पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून येतं. सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिन्याला एक हजार रुपये आहे आणि त्याला महागाई भत्ता नाही. एक गोष्ट मात्र सोयीची. या योजनेत दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायचं बंधन नाही. वर्षात कधीही द्यावा, दिल्या दिवसापासून तो वर्षभर चालतो. विमानात बसण्याच्या आठवड्यात दिला तरी पुढच्या वर्षाची निश्चिंती.

खात्याचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि सर्वात जास्त चुका इथेच होतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे जाऊन येणाऱ्या आईवडिलांना काही बदलावं लागत नाही. कायमच्या वास्तव्यासाठी गेलं, की परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या नजरेत माणूस अनिवासी होतो. मग साधं बचत खातं ‘एनआरओ’, म्हणजे अनिवासींचं खातं करून घ्यावं लागतं. पेन्शन त्याच खात्यात येतं आणि देय कर भरल्यावर परदेशात पाठवताही येतं. वर्षानुवर्षं जुनंच खातं चालवणं नियमाला धरून नाही, पण गावाकडे बहुतेकांना हे कोणी सांगतच नाही. आणखी एक बारकावा आहे. इथे राहणाऱ्या भावाला किंवा मुलीला एनआरओ खात्यात सामील करून घेता येतं, पण मूळ खातेदाराच्या हयातीत त्यांना ते चालवता येत नाही. बिलं भरण्यासारख्या कामांसाठी वेगळं मुखत्यारपत्र द्यावं लागतं.

अनिवासी झाल्यावर करही वाढतो. एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांना महिन्याला साठ हजार रुपये पेन्शन आहे असं धरू. वर्षाचे झाले ७ लाख २० हजार. नव्या करप्रणालीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, की उरतात ६ लाख ४५ हजार. २०२५-२६ च्या दरांनी चार लाखांपुढच्या रकमेवर पाच टक्के आणि त्यावर उपकर मिळून १२,७४० रुपये कर होतो. हेच गुरुजी जालन्यात राहिले तर सवलतीमुळे एक रुपयाही भरावा लागत नाही. ती सवलत फक्त निवासींना आहे. शिवाय एनआरओ खात्यातल्या व्याजावर तीस टक्के कर आणि उपकर आधीच कापला जातो. तो जास्त कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. त्यासाठी गावातल्या सीएशी संबंध तुटू देऊ नये.

ग्रीन कार्ड घेणाऱ्यांना अमेरिकेत जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. दोन्हीकडे कराचा बोजा पडू नये म्हणून १९८९ मध्ये भारत आणि अमेरिकेत करार झाला आहे. पण खात्यांची माहिती द्यावीच लागते. भारतातली सगळी खाती आणि ठेवी मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेल्या, तर ‘एफबार’ नावाचा अहवाल भरायचा असतो. जालन्यातल्या बँकेत निवृत्तीची रक्कम ठेवलेल्या बहुतेकांची बेरीज त्यापुढे जाते. न भरल्याचा दंड मोठा आहे.

देश सोडून गेलेल्या पेन्शनरांची मोठी तक्रार ब्रिटनच्या बाबतीतही ऐकू येते. तिथलं सरकारी पेन्शन घेऊन भारत, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना दरवर्षीची वाढ मिळत नाही, अमेरिकेत राहणाऱ्यांना मिळते. हा भेद युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० मध्ये पेन्शनर हरले. ब्रिटनमध्ये नोकरी करून म्हातारपणी गावी परतायचा बेत असलेल्या मराठी कुटुंबांनी हे आधीच हिशेबात धरावं.

परदेशातल्या मुलामुलींना एकच विनंती. पुढच्या सुट्टीत गावी आलात की आईवडिलांच्या पीपीओची प्रत काढा आणि त्यात जोडीदाराचं नाव व जन्मतारीख बरोबर आहे का ते बघा. त्या नावावरच उद्याचं कुटुंब निवृत्तिवेतन ठरणार आहे. ते चुकीचं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आईवडील दोघंही सही करू शकत असतानाच द्या.