एका गोधडीला किती टाके? आणि किती तास?

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. मधले "अं… म्हणजे…" थोडे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मागे थोडा आवाज येईल, सांभाळून घ्या. घराच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड करतोय आणि बाहेर कल्याण-भिवंडी रस्ता आहे. ट्रक, रिक्षा, मेट्रो ५ चं काम, सगळं एकदम चालू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला, खाडी मागे टाकली, की लगेच आमचं कोन. पुढे सरळ गेलात की भिवंडी.

आजचा विषय गोधडी. हसू नका. मीही आधी हसलो होतो.

झालं असं की ताई बाळंतपणाला माहेरी आलीय. आईने केलेल्या एका गोधडीचा फोटो तिने सहज इन्स्टावर टाकला. लाइक्स बरेच आले, आणि एका बाईंचा मेसेज आला, "केवढ्याला द्याल?" ताईने आईला विचारलं. आईला उत्तर देता येईना. "अगं, जुन्या कापडाची आहे. तिचे काय पैसे सांगायचे?" तेवढ्यात समोरून दुसरा मेसेज आला: "ब्लँकेट तर ३०० ला मिळतं, त्यापेक्षा जास्त नसेल ना?"

ताई चिडली. आई गप्प बसली. मी इंजिनिअर, त्यामुळे मला वाटलं, हिशोब करून बघू. आजचा एपिसोड म्हणजे तो हिशोब. पण त्याआधी गोधडी काम कशी करते ते समजून घेऊ, नाहीतर हिशोब अर्धवट राहील.

गोधडी ऊब कशी देते?

गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून हाताने शिवलेलं पांघरूण. कुठे तिला वाकळ म्हणतात. बाळासाठी केलेलं छोटं आणि पातळ ते दुपटं. ही युक्ती एकट्या महाराष्ट्राची नाही बरं का. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध-राजस्थानात रल्ली, कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत येतात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचं फूल लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत.

आता ऊब. कापड स्वतः फार ऊब देत नाही, ऊब धरून ठेवते ती थरांमध्ये अडकलेली हवा. थांबलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. एकाच जाड कापडापेक्षा चार पातळ थर बरे, कारण मधे हवेला जागा मिळते.

मग टाके कशाला? थर सरकू नयेत म्हणून. आई घालते तो साधा धावदोरा: सुई वर, सुई खाली, पुढे. हाताने ओढलेला दोरा थोडा आवळतो, म्हणून दोन ओळींच्या मधे कापड किंचित फुगतं. गोधडीवर त्या बारीक सुरकुत्या दिसतात ना, त्यांतही हवाच असते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की प्रत्येक ओळीचा दोरा वेगळा असतो. एक दोरा तुटला तर तेवढीच ओळ उसवते, बाकीच्या ओळी थर धरून ठेवतात. आई तेवढी ओळ पुन्हा घालते. संपूर्ण सिस्टीम बंद न पाडता एक भाग दुरुस्त करायचा, यासाठी आमच्या ऑफिसात तासन्‌तास मीटिंगा होतात.

जुनंच कापड का?

मला वाटायचं, काटकसर म्हणून. ते आहेच, पण पूर्ण उत्तर तेवढंच नाही.

माग चालतो तेव्हा उभ्या धाग्यांवर खूप ताण येतो. ते तुटू नयेत म्हणून विणण्याआधी त्यांना खळ लावतात. भिवंडीत याला सरळ सायझिंग म्हणतात, आणि त्याचे वेगळे कारखाने आहेत. म्हणून कोरं कापड कडक लागतं. धुऊन धुऊन खळ निघते, धागे सैल होतात आणि वीस वर्षं वापरलेलं सुती लुगडं लोण्यासारखं मऊ होतं. बाळाला आधी जुन्या कापडात गुंडाळायची पद्धत आहे, तिचं एक कारण तुमच्या बोटांना कळेल. नवं कापड आणि आजीचं लुगडं, दोन्ही डोळे मिटून चोळून बघा.

पण ते सुतीच हवं. सुती कापड हवेतला दमटपणा पितं. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम सुती धाग्यात साधारण ८ ग्रॅम पाणी मुरलेलं असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. म्हणून सिंथेटिक साडीची गोधडी पांघरली की घाम आतच राहतो. शिवाय थर एकमेकांवरून घसरतात. आई म्हणते, "त्या साड्यांना टाका धरतच नाही."

मग सुती लुगडी गेली कुठे?

इथे गंमत बघा. आम्ही राहतो भिवंडी तालुक्यात. देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. शहराच्या गल्ल्यांत शिरलात की भिंतीपलीकडून खटाखट आवाज येतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. विणकाम गिरण्यांकडून यंत्रमागांकडे आधीपासूनच सरकत होतं, संपाने त्याला वेग दिला आणि बरंच काम भिवंडीत आलं.

म्हणजे आमच्या आजूबाजूला कापडाचा तोटा नाही. पण इथे मुख्यतः ग्रे कापड विणलं जातं, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं, आणि त्यात आता कृत्रिम धागाही भरपूर असतो. आजीची सुती लुगडी मालेगाव, इचलकरंजीकडच्या मागांवरची. आजीनंतर घरात ती कुणी नेसलं नाही. आईच्या कपाटात बहुतेक सिंथेटिक साड्या, वाळायला सोप्या, इस्त्री नको. ताईच्या कपाटात कुर्ते आणि जीन्स. कापड भरपूर, पण गोधडीजोगं जुनं कापड घरात तयारच होत नाही.

आईची दुपार

आईचं काम दुपारी दोनला सुरू होतं. जेवणं झाली, भांडी झाली, की ती दाराजवळ उजेडात बसते. तिला कुणी कलाकार म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तर ती उठून चहा ठेवायला जाईल. पण मी आठवडाभर नीट बघितलं.

ती आधी जमिनीवर थर अंथरते आणि चार कोपऱ्यांना वजन ठेवते. आमच्याकडे एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर माझं इंजिनिअरिंग मॅथ्सचं पुस्तक. मग वरच्या थरावर रंगीत तुकडे मांडते. कागदावर काही काढत नाही. मांडते, उभी राहून बघते, आत जाऊन डाळीला फोडणी देते, परत येते आणि दोन तुकडे बदलते. मी विचारलं, "आई, का बदललेस?" तर म्हणाली, "हा हिरवा त्या हिरव्याशेजारी मरतो." लुगड्याचे काठ ती फेकत नाही, कडेला चौकटीसारखे लावते. काठ घट्ट विणलेला असतो, त्यामुळे कड लवकर फाटत नाही. दिसायला छान आणि कामालाही पक्कं.

घरातला प्रत्येक सण या गाठोड्यातून गेलाय. मावशीच्या लग्नातल्या रुखवतात ठेवलेली गोधडी, माझ्या बोरन्हाणाला खाली अंथरलेली, गौरींच्या मागे पडदा म्हणून लावलेली. एका गोधडीत हळदीचा डाग पडलेला तुकडा आहे. तो धुऊन गेला नाही म्हणून आईने तसाच मधोमध लावला. हळद कुणाची, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता हिशोब

एक पूर्ण गोधडी धरा, ६ फूट लांब, साडेचार फूट रुंद. म्हणजे ७२ इंच बाय ५४ इंच. दोन ओळींत पाऊण इंच अंतर. ५४ भागिले पाऊण, म्हणजे ७२ ओळी. प्रत्येक ओळ ६ फुटांची, म्हणजे एकूण ४३२ फूट, साधारण १३० मीटर शिवण. हाताने. एका इंचात दोन टाके धरले तर दहा हजारांहून जास्त टाके!

मी स्टॉपवॉच लावून बसलो. दोरा ओवणं, गाठ मारणं, पाठ मोकळी करणं धरून आईला एका ओळीला सरासरी २५ मिनिटं लागतात. ७२ गुणिले २५ म्हणजे १८०० मिनिटं. ३० तास. धुणं, फाडणं, मांडणी यांचे सहा तास वेगळे. झाले ३६. रोज सव्वा तास मिळाला तरी जवळपास महिना.

तासाला फक्त ६० रुपये धरले, तरी मजुरीच २,१६० होते. त्यात दोरा नाही, डिझाइन नाही, तीस वर्षांचा हात नाही.

मी हे आईला वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी किती तास बसले रे?" घरात मोजल्या तर बावीस गोधड्या निघाल्या. बावीस गुणिले छत्तीस मी तिच्यासमोर केलं नाही. तुम्ही करा.

३०० चं ब्लँकेट मशीनवर मिनिटांत होतं, त्याच्याशी भांडण नाही. थंडीत तेही लागतंच. पण दोन्हींची किंमत एकाच तराजूत घालता येत नाही. आणि "जुन्या कापडाची आहे" म्हणून गोधडी फुकटची ठरत नाही. कापड जुनं असतं, तास नवे असतात.

बारसं

गेल्या रविवारी ताईच्या बाळाचं बारसं झालं. बाराव्या दिवशी हॉल मिळाला नाही म्हणून घरीच केलं, आणि बरंच झालं. पाळणा, घुगऱ्या, गोविंद-गोपाळ. बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं. दुपटं मात्र आईचं.

त्या दुपट्याची गोष्ट सांगून थांबतो. आजीला जाऊन दोन वर्षं झाली. ट्रंकेत तिचं एकच सुती लुगडं उरलं होतं. ताईला वाटत होतं, अख्खं लुगडं याच बाळाच्या गोधडीत घालावं. आई नको म्हणाली. "अजून तुझं लग्न व्हायचंय," हे माझ्याकडे बघून. "काकांच्या पोरी आहेत. सगळ्यांच्या पोरांना आजी नको का?"

म्हणून तिने ठरवलं, प्रत्येक बाळाच्या दुपट्यात आजीच्या लुगड्याचा एकच थर घालायचा, अंगाला लागतो त्या बाजूचा. बाकीचे थर जुन्या सुती चादरींचे. मी लगेच हिशोब केला: नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, एका दुपट्याला एक मीटर, म्हणजे आठ बाळं. आईने लुगडं दारात उजेडाला धरलं. बसून बसून विरलेला भाग कुठे आहे ते बोटाने दाखवलं. "सहाच निघतील."

त्या बाईंना ताईने उत्तर पाठवलं. आईनेच सांगितलं काय लिहायचं ते: गोधडी करून देईन, कापड तुमच्या घरचं आणा, मजुरी तासाप्रमाणे. अजून रिप्लाय आलेला नाही.

तुमच्यासाठी एक काम. घरात गोधडी असेल तर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि जिने शिवली तिला विचारा, यातला कुठला तुकडा कुणाचा? पाच मिनिटं पुरतात. फाइल सांभाळून ठेवा.

आमच्याकडे पहिला तुकडा गेला. पाच उरलेत, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांसोबत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!