परदेशी वास्तव्य आणि औषधपाण्याचा हिशेब

घरातील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी निघाली की त्या घरी महिना-दोन महिने हिशेब चालू असतात. विमानाचे भाडे, विद्यापीठाची फी, खोलीचे भाडे, बँकेच्या कर्जाचे व्याज आणि पुढे मिळणाऱ्या पगाराचे रुपयांतील मूल्य यांच्या बेरजा-वजाबाक्यांनी वहीची पाने भरतात. या वहीतला एक रकाना मात्र बहुधा कोरा राहतो. तो म्हणजे आजारपणाचा. ताप, सर्दी आणि पोटदुखी यांवरच्या गोळ्यांची पिशवी सामानात पडली की या बाबतीतली तयारी संपली, असे समजले जाते. वस्तुतः परक्या देशात आजारी पडल्यावर कोणाकडे जायचे आणि त्याचे पैसे कोणी व केव्हा भरायचे, हे ठाऊक नसणे ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. कित्येक वर्षांची शिल्लक त्यापायी एका आठवड्यात संपू शकते.

वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी वस्तू नाही, हे केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका सुप्रसिद्ध निबंधात दाखवून दिले. आजार केव्हा येईल हे सांगता येत नाही, आणि कोणता उपचार योग्य हे रुग्णापेक्षा डॉक्टरला अधिक कळते. त्यामुळे नेहमीचे खरेदी-विक्रीचे नियम येथे अपुरे पडतात. ही उणीव प्रत्येक देशाने आपापल्या परीने भरून काढली. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत, १८८३ साली, कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चालणारा आजारविमा सुरू झाला. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून करांच्या पैशावर चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी केली. अमेरिकेने बव्हंशी खाजगी विम्याचा मार्ग पत्करला आणि वृद्ध व गरीब यांच्यापुरत्या सरकारी योजना १९६५ साली आणल्या.

भारतीय रुग्णाची सवय या तिन्हींहून निराळी आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला होता. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले, तरी सवय तीच राहिली आहे. छातीत दुखले की हृदयरोगतज्ज्ञ, गुडघा दुखला की अस्थितज्ज्ञ. पैसे मोजले की दार उघडते. परदेशात मात्र दार पैशापेक्षा नोंदणीने, वर्गणीने किंवा रहिवासाच्या दर्जाने उघडते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे स्थलांतरितांच्या हातून परस्परविरुद्ध अशा दोन चुका होतात. हक्क असूनही तो न बजावणे ही एक, आणि हक्क नसताना तो गृहीत धरणे ही दुसरी.

भरलेला पैसा, न घेतलेली सेवा

पहिल्या चुकीचे उदाहरण ब्रिटनचे. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळासाठी तेथे जाणाऱ्या परदेशी व्यक्तीला २०१५ पासून व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. आरंभी तो वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व अठरा वर्षांखालील मुले यांच्यासाठी ७७६ पौंड झाला. व्हिसाच्या संपूर्ण मुदतीची रक्कम एकदम व आगाऊ भरायची असते. पाच वर्षांच्या व्हिसावर निघालेले पती-पत्नी आणि त्यांची दोन मुले यांचा हिशेब मांडला, तर हा आकडा १८,११० पौंडांवर, म्हणजे वीस लाख रुपयांच्या घरात जातो. परिचारिका आदी आरोग्यसेवकांना २०२० पासून यातून वगळण्यात आले आहे.

एवढी रक्कम भरूनही अनेक विद्यार्थी बिलाच्या धास्तीने अंगावर दुखणे काढतात, किंवा दात आणि पोट दोन्ही सुट्टीत गावी आल्यावर दाखवू म्हणून थांबतात. यातील दाताचा हिशेब काही अंशी बरोबर आहे, कारण तेथे दंतोपचाराला आणि चष्म्याला वेगळे पैसे पडतात. पोटाचा हिशेब मात्र साफ चुकीचा आहे. राहत्या भागातील दवाखान्यात, ज्याला तेथे जीपी म्हणतात त्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला काहीच पडत नाही आणि तपासणीची फीही नसते. रुग्णालयातील तज्ज्ञांकडे जाण्याची वाट सामान्यतः याच डॉक्टरच्या चिठ्ठीतून जाते. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ठरावीक आकार असतो. मे २०२४ मध्ये तो ९.९० पौंड ठरला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तोही नाही. तेव्हा तेथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात करावयाच्या कामांत बँकेच्या खात्याइतकेच या नोंदणीला महत्त्व आहे. ती आजारी पडल्यावर करण्याची गोष्ट नव्हे.

हक्क नसताना धरलेला भरवसा

दुसरी चूक अधिक महाग पडते, आणि ती बहुतेक वेळा आई-वडिलांच्या बाबतीत घडते. मुलाचा संसार पाहण्यासाठी किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी आई-वडील सहा महिने अमेरिकेस जातात. मुलाला त्याच्या कंपनीचा आरोग्यविमा असतो, म्हणून तो आपल्यालाही लागू होईल अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात अशा विम्यात साधारणपणे पत्नी आणि मुले येतात. पाहुणे म्हणून आलेले आई-वडील येत नाहीत. त्यांच्यासाठी निराळा विमा घ्यावा लागतो, आणि आधीपासूनचे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखे आजार त्यातून बहुधा वगळलेले असतात. साठी ओलांडलेल्या माणसाला नेमका धोका असतो तो याच आजारांचा. १९८६ च्या कायद्यामुळे अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागाला अत्यवस्थ रुग्णास पैशाअभावी परत पाठवता येत नाही, हे खरे. पण नंतर येणाऱ्या बिलातून हा कायदा कोणाची सुटका करीत नाही. आई-वडिलांना कायम रहिवासाचा परवाना मिळाला तरी, तेथे नोकरी न केलेल्या वृद्धाला सरकारी वृद्धविमा विकत घेण्यापूर्वी सलग पाच वर्षे राहावे लागते. ब्रिटनमध्येही अल्पकाळासाठी गेलेल्या पाहुण्याला जीपीचा सल्ला आणि तातडीच्या विभागातील उपचार विनामूल्य मिळतात. परंतु रुग्णालयात दाखल करून घेतले की इंग्लंडमध्ये ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.

आखाती देशांत प्रश्नाचे स्वरूप पुन्हा वेगळे आहे. रत्नागिरी-रायगडकडून गेलेल्या कामगाराचा विमा बव्हंशी मालकाच्या हाती असतो. दुबईने २०१३ च्या कायद्याने नोकराचा आरोग्यविमा मालकावर बंधनकारक केला. पण नोकरी सुटली की हे छत्रही डोक्यावरून जाते. भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना कमी शिकलेल्या, परवानगी घेऊन जाणाऱ्या कामगारांसाठी आहे. २०१७ च्या सुधारित रूपात दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, अधिक कर, अशी ती ठरली. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांची भरपाई हा तिचा मुख्य भाग. किरकोळ हप्त्यात मिळणारे हे संरक्षण खरे. परंतु पॉलिसीचा कागद एजंटाच्या कपाटात राहिला आणि घरच्यांना त्याचा क्रमांकही माहीत नसला, तर ते असून नसल्यासारखेच.

परदेशातील व्यवस्था निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नव्हे. इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांसाठीची प्रतीक्षायादी २०२३ मध्ये ७७ लाखांपर्यंत गेली होती. पैसे देऊन त्याच दिवशी सोनोग्राफी करून घेण्याची सवय असलेल्या माणसाला महिनोन् महिने थांबणे हा अन्याय वाटतो. मात्र ज्याची प्रकृती अधिक गंभीर त्याचा क्रमांक आधी, हा त्या रांगेमागचा विचार आहे, तर रोख पैशाच्या व्यवस्थेत ज्याची ऐपत अधिक त्याचा क्रमांक आधी लागतो. जर्मनीत पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडी जादा वर्गणी मालक व नोकर निम्मी-निम्मी भरतात. पगारपत्रकातील ही कपात पाहून नवागत हळहळतो. पण त्याच वर्गणीत मिळकत नसलेली पत्नी आणि मुले यांचाही विमा उतरलेला असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पगाराची तुलना करताना या गोष्टी धरल्या नाहीत, तर ती तुलनाच चुकते.

यावर उपाय अवघड नाहीत. व्हिसा हाती येण्यापूर्वी काही साध्या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवावीत. आपण कोणत्या दर्जाने जात आहोत आणि त्या दर्जाला कोणती सेवा लागू आहे? ती पहिल्या दिवसापासून लागू होते की काही काळाने? प्रथम कोणाकडे जायचे? दात, डोळे आणि औषधे यांचे काय? नोकरी किंवा शिक्षण मध्येच सुटले तर काय? त्याबरोबर जुन्या आजारांची कागदपत्रे, औषधांची व्यापारी नावे नव्हे तर मूळ नावे आणि मुलांच्या लसीकरणाची नोंद इंग्रजीत जवळ असावी. जे परदेशी शिक्षणाचे मेळावे भरवतात आणि कर्जे मंजूर करतात, त्यांनीही फीच्या तक्त्याशेजारी हा तक्ता लावावयास हवा. महाविद्यालयांना तर ते एका तासिकेत करता येईल.

शेवटी एक गोष्ट विसरता येत नाही. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, ही शिफारस भारतात १९४६ सालीच झाली होती. ती करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. त्यानंतर दोनच वर्षांनी ब्रिटनने ते तत्त्व अंमलात आणले. भारतात ते बव्हंशी अहवालात राहिले. परदेशी गेलेला मराठी तरुण तेथील दवाखान्यात खिशात हात न घालता बाहेर पडतो, तेव्हा त्याला त्याचे नवल वाटते. ते नवल ओसरल्यावर त्याने आणि त्याच्या मागे राहिलेल्यांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न एवढाच, की हे येथे का होऊ नये?