प्रकाशाच्या मोजणीची चार दशके

1985 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड स्लशर आणि त्यांचे सहकारी यांनी सोडियमच्या अणूंच्या साह्याने असा ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश सिद्ध केला, की ज्याचा गोंगाट, एका घटकापुरता का होईना, निर्वाताच्या अटळ मानलेल्या गोंगाटाहूनही सुमारे 7 टक्क्यांनी खाली उतरला. तेव्हापासूनचे दफ्तर चाळू लागले म्हणजे असा प्रकाश निर्माण करणाऱ्यांचा जेवढा गौरव झाला तेवढा तो मोजणाऱ्यांचा झाला नाही, ही गोष्ट मनाला लागून राहते.

मोजणीची रीत तत्त्वतः सरळ आहे. क्षीण प्रकाश आणि त्याच लेसरचा प्रखर संदर्भ-किरण एका अर्धपारदर्शक आरशावर एकत्र आणावयाचे, बाहेर पडणारे दोन्ही झोत दोन फोटोडायोडांवर घ्यावयाचे आणि एकाच्या विद्युत्प्रवाहातून दुसऱ्याचा वजा करावयाचा. संदर्भ-किरणाचा स्वतःचा गोंगाट दोहोंकडे सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो लोपतो, आणि बाकी राहते ती क्षीण प्रकाशाची कैफियत, कितीतरी पटींनी वर्धित झालेली. संदर्भ-किरणाची कला बदलीत अशा असंख्य नोंदी घेतल्या, की सीटी स्कॅनमध्ये निरनिराळ्या कोनांतील छायांवरून देहाची अंतर्रचना उभी करतात त्याच गणिताने त्या प्रकाशाची संपूर्ण अवस्था रेखाटता येते. फोगेल आणि रिस्केन यांनी हे 1989 मध्ये सुचविले, आणि 1993 मध्ये ऑरेगन विद्यापीठात मायकेल रेमर यांच्या गटाने ते प्रत्यक्ष करून दाखविले.

मात्र त्यासाठी आरशाभिंगांनी भरलेले भले मोठे टेबल लागे. ब्रिस्टल विद्यापीठात 2008 मध्ये क्वांटम प्रकाशाचे परिपथ सिलिकॉनवरील सिलिकाच्या वाहिन्यांत उतरविले गेले, 2018 मध्ये तेथेच वर वर्णिलेला शोधक सिलिकॉन चिपवर आला. परंतु प्रकाशाची चिप आणि वजाबाकीचा प्रवाह वाढविणाऱ्या प्रवर्धकाचे विद्युत्-परिपथ यांना जोडणाऱ्या तारा व जोडबिंदू विद्युत्-धारिता वाढवून वेगाला लगाम घालीत होते. म्हणून 2021 मध्ये जोनाथन मॅथ्यूज यांच्या गटाने प्रवर्धकाची चिप प्रकाशाच्या चिपेच्या लगत आणून बसविली आणि 9 गिगाहर्ट्झपर्यंत स्क्वीझ्ड प्रकाश मोजला. 2024 मध्ये तर दोन्ही एकाच चिपवर आले, अवघ्या 80 बाय 220 मायक्रॉन जागेत, आणि बँडविड्थ 15.3 गिगाहर्ट्झवर गेली.

माझ्या मते हे यश मोठे असले तरी अपुरे आहे. वाटेत हरवलेल्या प्रत्येक फोटॉनाची जागा निर्वाताचा गोंगाट घेतो, आणि चिपवरच्या क्षतीचा हिशेब अजून टेबलावरील उत्तमोत्तम मांडणीच्या तोडीला आलेला नाही.