डिस्नेची पुण्याई

१९३३ साली ‘थ्री लिटल पिग्ज’ हा जेमतेम आठ मिनिटांचा कार्टूनपट अमेरिकेत लागला आणि मंदीने पिचलेल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. कित्येक थिएटरांत मुख्य चित्रपट बदलत गेले, ही तीन डुकरं मात्र आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून होती. साहजिकच वितरकांनी धोशा लावला, आणखी डुकरं द्या! वॉल्ट डिस्ने यांनी मनाविरुद्ध तसे आणखी तीन लघुपट काढले. पहिल्याची सर एकालाही आली नाही. डुकरांवर डुकरांनी मात करता येत नाही, असं वॉल्ट पुढे सांगत असत. त्यांनी सगळं बळ पूर्ण लांबीच्या ‘स्नो व्हाइट’वर लावलं. हॉलिवूडने त्याला ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हणून हिणवलं होतं. १९३७च्या डिसेंबरात तो झळकला आणि कंपनीचं नशीब पालटलं.

त्याच ‘स्नो व्हाइट’ची हाडामांसाच्या नटांना घेऊन केलेली नवी आवृत्ती मार्च २०२५मध्ये आली. खर्च २५ कोटी डॉलरच्या घरात आणि जगभरातली तिकीटविक्री सुमारे २०.५ कोटी. त्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा, म्हणजे खोट किती बसली हे सांगायला नको. पण मला त्या खोटीपेक्षा वेगळंच खटकतं. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’साठी कंपनी पणाला लागली होती, कारण हॉलिवूडमध्ये तसं कोणी केलंच नव्हतं. २०२५च्या ‘स्नो व्हाइट’वर पैसा लागला तो आधी केलेलं असल्यामुळे.

यामागचं गणित समजून घ्यायचं तर १९५७ सालचा एक तक्ता पाहावा. डिस्नेच्या माणसांनी तो हाताने काढला आहे. मधोमध स्टुडिओचे चित्रपट. त्यांच्यापासून रेषा निघतात त्या टीव्हीकडे, संगीताकडे, कॉमिक्सकडे, खेळण्यांकडे आणि दोनच वर्षांपूर्वी अनाहाइमला उघडलेल्या डिस्नेलँडकडे. प्रत्येक रेषेवर बारीक अक्षरांत कोण कोणाला काय पुरवतं ते लिहिलेलं. आजही कंपनी त्याच तक्त्यावर चालते, फक्त आकडे अवाढव्य झालेत. २०२४च्या आर्थिक वर्षात सगळ्या विभागांचा मिळून कामकाजातला नफा १५.६ अब्ज डॉलर होता आणि त्यातले ९ अब्जांहून जास्त थीम पार्क, क्रूझ आणि खेळण्यांच्या परवान्यांतून आले. ‘फ्रोझन’चा पुढचा भाग का निघतो याचं उत्तर इथे आहे. हाँगकाँगच्या पार्कमध्ये ‘फ्रोझन’चं अख्खं गाव बांधून ठेवलंय, तिथे पोरांची रीघ लागायला त्यातल्या एल्साचं नाव ताजं राहावं लागतं. मात्र रेषा कितीही वाढल्या तरी त्यांचा उगम मधल्या चौकटीतच आहे, आणि ती चौकट कथेची आहे.

डिस्नेची धुरा दीर्घकाळ सांभाळलेल्या बॉब आयगर यांना हे एकेकाळी लख्ख कळलं होतं. २००५मध्ये हाँगकाँग डिस्नेलँडच्या उद्घाटनाची मिरवणूक पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की गेल्या दहा वर्षांतली जी पात्रं समोरून जात आहेत ती जवळपास सगळी पिक्सार या स्टुडिओची आहेत, डिस्नेची नव्हेत. पुढच्याच वर्षी त्यांनी ७.४ अब्ज डॉलर मोजून पिक्सार घेतलं. मग २००९मध्ये मार्व्हल, २०१२मध्ये ‘स्टार वॉर्स’वाली लुकासफिल्म आणि २०१९मध्ये ७१ अब्ज डॉलरला फॉक्सचा मोठा हिस्सा. दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं साठवलेली पुण्याई एका छताखाली आली. २०१९ साली त्याचं फळही मिळालं. त्या एका वर्षात आलेल्या डिस्नेच्या सात चित्रपटांनी प्रत्येकी अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. त्या सातांत ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव पडद्याला नवं, तेही मार्व्हलच्याच मालिकेतलं. बाकीचे पुढचे भाग तरी होते, नाहीतर जुन्याच चित्रपटांची नवी रूपं.

त्याच नोव्हेंबरात डिस्ने प्लस ही कंपनीची स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली, आणि या नव्या तोंडाला रोज घास हवा होता. पूर्वी मार्व्हलचे वर्षाला दोन-तीन चित्रपट यायचे. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत सात चित्रपट आणि आठ मालिका आल्या. त्याचा परिणाम ‘द मार्व्हल्स’मध्ये उघड दिसला. आपल्याकडे तो २०२३च्या धनत्रयोदशीला लागला. तीन नायिका. पहिली ओळखायला २०१९चा ‘कॅप्टन मार्व्हल’ पाहिलेला हवा, दुसरीसाठी ‘वांडाव्हिजन’चे नऊ भाग, तिसरीसाठी ‘मिस मार्व्हल’चे सहा. सणाच्या गडबडीत पोरांना घेऊन थिएटरात शिरणाऱ्या आईबापांकडून एवढ्या पूर्वतयारीची अपेक्षा होती! जगभरात मिळून २०.६ कोटी डॉलर जमले, मार्व्हलच्या या मालिकेतला नीचांक. प्रमाण वाढवण्याच्या नादात लक्ष विखुरलं, हे आयगर यांनीही नंतर कबूल केलं आणि संख्या कमी केली.

ओळखीच्या नावांवरच पैसा लावायचं हे धोरण मुंबईने जवळून पाहिलं आहे. २०१२मध्ये डिस्नेने इथली यूटीव्ही ही कंपनी पूर्ण ताब्यात घेतली. २०१६च्या उन्हाळ्यात ‘द जंगल बुक’ आला. हिंदीत शेर खानला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज, दूरदर्शनवरच्या मोगलीची आठवण जागी झाली आणि तोवर भारतात कोणत्याही हॉलिवूडपटाने केली नव्हती एवढी कमाई झाली. ऑगस्टमध्ये ‘मोहेंजो दारो’ आपटला. त्यानंतर कंपनीने हिंदी चित्रपटनिर्मितीच गुंडाळायचं ठरवलं आणि लक्ष हॉलिवूडच्या मालावर ठेवलं. आधीच तयार होत आलेला एक चित्रपट डिसेंबरात यूटीव्ही आणि डिस्नेच्या नावाने लागला. तो ‘दंगल’ होता. चीनमध्येही तो तुफान चालला. हरयाणाच्या मातीतली कुस्तीगीर मुलींची ती गोष्ट कुठल्याही मालिकेचा भाग नव्हती.

नवं काढलं तर लोक येत नाहीत, असं कंपनीची बाजू घेणारे म्हणतात, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. जून २०२५मध्ये पिक्सारचा ‘एलिओ’ ही कोरी गोष्ट घेऊन आला आणि पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत २.१ कोटी डॉलरच्या आसपास थांबला, पिक्सारची आजवरची सर्वांत लंगडी सुरुवात. उलट २०२४मध्ये ‘इनसाइड आउट २’ने १.७ अब्जांच्या जवळ मजल मारली. पण प्रेक्षकांना ही सवय लावली कोणी? करोनाकाळात ‘सोल’, ‘लुका’, ‘टर्निंग रेड’ हे पिक्सारचे तीन नवे चित्रपट अमेरिकेत थेट डिस्ने प्लसवर टाकले गेले. ‘टर्निंग रेड’च्या वेळी तर थिएटरं उघडलीही होती. पिक्सारचं नवं काही आलं की ते घरबसल्या बघायचं, हे आईबापांच्या मनात कंपनीनेच बसवलं. २०२३मध्ये ‘एलिमेंटल’ पहिल्या आठवड्यात पडला म्हणून सगळ्यांनी हात झटकले होते. तो तोंडी शिफारशीवर महिनोन्‌महिने चालला आणि ५० कोटींच्या जवळ पोचला. नव्या गोष्टीला वेळ लागतो, आणि तो द्यायची तयारी हवी.

२०२५च्या उन्हाळ्यात डिस्नेला खरा हात दिला तो ‘लिलो अँड स्टिच’ने, कमाई अब्ज डॉलरपार. हासुद्धा जुन्या चित्रपटाचाच नवा अवतार, म्हणून मूळ चित्रपट कसा जन्मला ते सांगायलाच हवं. स्टिच हा निळा, उपद्व्यापी प्राणी ख्रिस सँडर्स यांनी १९८५मध्ये मुलांच्या एका पुस्तकासाठी रेखाटला होता. ते पुस्तक निघालंच नाही. पुढे सँडर्स आणि डीन डेब्लॉइस यांनी ८ कोटी डॉलरच्या मर्यादित बजेटमध्ये, बरबँकच्या मुख्यालयापासून दूर ओरलँडोच्या छोट्या स्टुडिओत त्याचा चित्रपट केला. पार्श्वचित्रं जलरंगात करायची ठरली. डिस्नेने ती रीत १९४०च्या दशकानंतर सोडून दिली होती. जलरंगात चूक झाकता येत नाही, एक फटकारा बिघडला तर चित्र पुन्हा पहिल्यापासून. चित्रकारांनी ते नव्याने शिकून घेतलं. हवाईच्या त्या आभाळाचा आणि ओल्या हिरव्या डोंगरांचा जो मऊपणा आहे तो त्या कष्टाचा. स्टिचचा आवाजही सँडर्स यांचाच. ‘लिलो’ लागला त्याच २००२ साली कंपनीने ‘ट्रेझर प्लॅनेट’वर १४ कोटी डॉलर लावले आणि ते बुडाले. ‘लिलो’ने २७ कोटींच्या वर मिळवले.

एवढं होऊनही ओरलँडोचा स्टुडिओ जानेवारी २००४मध्ये बंद झाला आणि तिथल्या चित्रकारांना घरी बसावं लागलं. सँडर्स यांना त्यांच्या पुढच्या चित्रपटावरून बाजूला केलं, तेव्हा ते ड्रीमवर्क्सकडे गेले. तिथे डेब्लॉइस यांच्यासोबत त्यांनी ‘हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ केला. त्याचीही नटांना घेऊन केलेली नवी आवृत्ती नव्या ‘लिलो’नंतर तीनच आठवड्यांनी, युनिव्हर्सलकडून आली आणि जोरात चालली. एका उन्हाळ्यात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ज्यांच्या जिवावर गल्ला भरला, ती मूळची जोडी एकच. आता डिसेंबर २०२६साठी मार्व्हलचा ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ जाहीर झाला आहे, आणि आयर्न मॅन म्हणून निरोप घेतलेले रॉबर्ट डाउनी ज्युनियर त्यात खलनायक होऊन परतणार आहेत. लोक गर्दी करतील, कदाचित मीही जाईन. पण ओरलँडोत सँडर्स आणि डेब्लॉइस यांना जी मोकळीक मिळाली होती ती आज डिस्नेत कोणत्या दोन तरुणांना मिळते आहे, हे मला त्या चित्रपटाच्या कमाईपेक्षा जास्त जाणून घ्यायचं आहे.