मोनॅको : पळापळीतली रंगीत चोरी

लपतछपत खेळायचे गेम म्हणजे अंधार आणि तासन् तास वाट बघणं, असं वाटत असेल तर ‘मोनॅको : व्हॉट्स युअर्स इज माइन’ खेळून बघाच. अँडी शॅट्झच्या पॉकेटवॉच गेम्सचा हा गेम 2013 चा आहे. मी काल रात्री पहिल्यांदा हातात घेतला आणि उठवेना.

सगळं वरून दिसतं. जिथे नजर पोचत नाही तिथे फक्त इमारतीचा नकाशा असतो, करड्या रेघांचा. तुम्ही दार उघडलंत की ती खोली एकदम रंगांनी उजळते. हा क्षण पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी तितकाच सुंदर वाटतो.

सुरुवात तुरुंगातून पळण्यापासून. टोळीतल्या प्रत्येक चोराचं कसब वेगळं : कुलूपवाला झटपट दारं उघडतो, पाकीटमाराचं माकड आपसूक नाणी गोळा करतं. दहा नाणी जमली की हातातलं हत्यार आणखी एकदा वापरता येतं. त्यामुळे लोभ सुटत नाही, आणि लोभापायीच पकडले जातो! मग पळायचं, झुडपात दडी मारायची, पुन्हा निघायचं. ऑस्टिन विंटरीचं पियानोसंगीत मूकपटांची आठवण करून देतं आणि पाठलाग सुरू झाला की तेही धावायला लागतं.

एकट्यानेही मजा येते, पण चौघांना एकत्र खेळता येतो. तीन मित्र गोळा करा आणि मगच सुरू करा.