शिंपल्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि रॉकेलची जहाजे

खनिज तेलाचा इतिहास बहुधा विहिरी खोदणाऱ्यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशियातील घराघरांत दिवा ज्या रॉकेलवर जळू लागला, त्याच्या बाबतीत तेल कोठे निघते यापेक्षा ते कसे वाहून आणले जाते हाच प्रश्न अधिक मोलाचा होता, आणि त्याचे उत्तर शोधणारा मार्कस सॅम्युएल (१८५३–१९२७) मुळात तेलाच्या धंद्यातला नव्हताच. लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीतील त्याचे वडील पूर्वेकडून आलेले शंखशिंपले विकत, आणि शिंपले चिकटवून सजवलेल्या त्यांच्या लहान पेट्या समुद्रकिनारी हवापालटाला जाणाऱ्या इंग्रज कुटुंबांत चांगल्या खपत. मार्कस आणि त्याचा भाऊ (ज्याचे नाव आणि आडनाव दोन्ही सॅम्युएलच होते) यांनी लंडन व योकोहामा येथे पेढ्या चालवून व्यापार वाढवला, आणि पूर्वेकडील बंदरांतल्या पेढ्यांशी जडलेला विश्वासाचा संबंध हेच त्यांचे खरे भांडवल ठरले.

त्या काळी आशियातील रॉकेलच्या बाजारावर अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा पगडा होता. तिचे तेल पत्र्याच्या डब्यांत भरून, दोन-दोन डबे एकेका लाकडी खोक्यात घालून येई. त्यामुळे जहाजातील बरीचशी जागा तेलाऐवजी खोक्यांनीच व्यापली जाई. दुसरीकडे कास्पियन समुद्राकाठच्या बाकू येथे तेलाचा महापूर होता, आणि १८८३मध्ये पूर्ण झालेल्या लोहमार्गाने ते काळ्या समुद्रावरील बातुमी बंदरात येऊ लागले होते. या व्यवसायात पैसा गुंतवलेल्या रॉथ्सचाइल्ड घराण्याला गिऱ्हाईक हवे होते. १८९०मध्ये सॅम्युएलने त्या भागाचा दौरा केला, तेव्हा तेल थेट जहाजाच्या पोटातील टाक्यांत ओतून नेणारी जहाजे, म्हणजे टँकर, त्याच्या पाहण्यात आली, आणि असेच तेल सुएझ कालव्यातून पूर्वेला नेता आले तर वाहतुकीचा खर्च किती उतरेल, हे त्याच्या ध्यानी आले.

अडचण कालव्याचीच होती. उष्णतेने रॉकेल प्रसरण पावते आणि अर्धवट भरलेल्या टाकीत ते हिंदकळले तर जहाजाचा तोल जातो, त्यामुळे सुरक्षिततेच्या कारणास्तव कालव्यातून टँकर जाऊ दिले जात नसत. सॅम्युएलने या दोन्ही धोक्यांची काळजी घेणारा आराखडा तज्ज्ञाकडून करवून घेतला, १८९२च्या आरंभी परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘म्युरेक्स’ हा टँकर बातुमीचे रॉकेल घेऊन कालवा ओलांडून गेला. म्युरेक्स हे एका काटेरी समुद्री शंखाचे नाव असून, पुढच्या जहाजांनाही शंख, कवडी, शिंपला अशा अर्थाचीच नावे मिळाली. तेल उतरवल्यावर टाक्या वाफेने धुऊन परतीच्या प्रवासात तांदूळ वगैरे माल भरता येई. या सोयीमागचे डोके अर्थातच पेढीवाल्याचे होते.

एवढी तयारी करूनही सॅम्युएलचा हिशेब एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूपाशी चुकला. गिऱ्हाइकांनी आपापली भांडी आणून स्वस्त रॉकेल भरून न्यावे, असे त्याने गृहीत धरले होते. परंतु आशियातील गिऱ्हाइकाला तेलाइतकाच त्याचा डबाही हवा होता. स्टँडर्ड ऑइलचा निळा डबा रिकामा झाला की तो कापून, ठोकून छपराचा पत्रा, भांडी आणि नाना घरगुती वस्तू बनत. (रॉकेलच्या डब्याचा मराठी घरातला पुढचा प्रपंच आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) चूक उमगताच सॅम्युएलने पत्रा पूर्वेकडे धाडून तेथेच डबे करवून घेतले आणि त्यांना लाल रंग दिला, लांबच्या प्रवासात गंजलेल्या, पोचे पडलेल्या निळ्या डब्यापुढे हा ताजा, चकचकीत लाल डबा उठून दिसे.

१८९७मध्ये ‘शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग’ कंपनी स्थापन झाली, आणि येथपासून तिच्या संस्थापकाची मर्यादाही दिसू लागते. दूरच्या पेढ्यांवर भिस्त ठेवण्याची त्याची रीत व्यापारात उपयोगी पडली, परंतु विहिरी, शुद्धीकरण आणि जहाजांचा मोठा ताफा सांभाळायला लागणारी चोख कचेरी त्याने कधी उभारलीच नाही. १९०१मध्ये त्याने टेक्सासमधील स्पिंडलटॉपच्या तेलासाठी वीस वर्षांचा करार केला. पुढच्याच वर्षी तेथील विहिरी ओसरू लागल्या, आणि त्या तेलासाठी राखलेल्या काही टँकरांतून गुरे वाहण्याची वेळ आली. इंग्रजी आरमाराने कोळशाऐवजी तेल जाळावे हा त्याचा आग्रह पुढे खरा ठरला, मात्र १९०२मध्ये ‘हॅनिबल’ या युद्धनौकेवरील प्रयोगात काळ्या धुराचे लोट उठले आणि तो प्रयोग फसला. त्याच वर्षी तो लंडनचा लॉर्ड मेयर, म्हणजे नगरप्रमुख, झाला. हा मान मोठा होता, पण कंपनीला मालकाचे लक्ष सर्वांत अधिक हवे असताना तो मिळाला, हे म्हणावेच लागते.

अखेर १९०७मध्ये हेन्री डेटरडिंग याच्या रॉयल डच कंपनीशी शेलचे एकत्रीकरण झाले, त्यात ६० टक्के वाटा डचांचा आणि ४० टक्के शेलचा राहिला, आणि प्रत्यक्ष कारभार डेटरडिंगच्या हाती गेला. सॅम्युएलच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९२८मध्ये, भारतात बर्मा-शेल कंपनी निघाली. मुंबईत तुर्भे येथे १९५५मध्ये तिचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि १९७६मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण होऊन आजची भारत पेट्रोलियम घडली. ‘म्युरेक्स’ मात्र आपल्या मालकाच्याही आधी गेला: पहिल्या महायुद्धात, १९१६च्या डिसेंबरात, पाणबुडीच्या माऱ्याने तो भूमध्य समुद्रात बुडाला.